मधला कागद

“एकाहत्तरावर आणून धरलंय साहेब. आता वळायला पाहिजे की तुमचं यंत्र.”

वाफेच्या चाकावरचा हात न काढता हिंदुराव खिलारे म्हणाले. मी पॅनेलसमोर उभा होतो. पडद्यावर नळीच्या टोकाचे तापमान ७१.१ दिसत होते, आणि त्याच्या खाली व्हॉल्व्हची स्थिती दिसत होती: ‘पुढे’.

“अजून अर्धा मिनिट थांबू,” मी म्हणालो.

अर्धे मिनिट गेले. आकडा ७१.० झाला. व्हॉल्व्ह जागचा हलला नाही.

“झोपलं वाटतं,” हिंदुराव म्हणाले. “आमची म्हैस बरी. तिला काठी तरी दाखवता येते.”

ही डिसेंबर २०१३ मधल्या एका सोमवारची सकाळ आहे. एका तालुक्याच्या सहकारी दूध संघात नवा पाश्चरायझर बसवला होता. त्याचा कंट्रोलर आणि कंट्रोलरचा प्रोग्रॅम सांगलीच्या आमच्या लहानशा कंपनीचा. हिंदुराव त्या यंत्राचे ऑपरेटर, संघात अठ्ठावीस वर्षे काढलेले. यंत्राचे काम सांगायला सोपे होते. हीटरमध्ये दूध तापवायचे, मग ते एका नागमोडी नळीतून पंधरा सेकंद फिरवायचे, आणि नळीच्या टोकाशी ते बहात्तर अंशांच्या खाली असेल तर पुढे न सोडता एका व्हॉल्व्हने वळवून पुन्हा टाकीत धाडायचे. बाकी सगळे चुकले तर दुरुस्त करता येते. हे चुकले तर कच्चे दूध पिशवीत भरले जाते आणि सकाळी कोणाच्या तरी लेकराच्या पेल्यात पडते. म्हणून त्या सकाळी नळ्यांतून दुधाऐवजी पाणी फिरत होते. दूध संध्याकाळी पाच वाजता यायचे होते.

मी लॅपटॉप उघडला. दोष सापडायला मला वीस मिनिटे लागली. व्हॉल्व्ह वळवायचा की नाही हे ठरवणारा भाग प्रोग्रॅममध्ये नव्याने घातलेला होता, आणि तो तीन नंबरच्या सेन्सरचे तापमान वाचत होता. तीन नंबर म्हणजे हीटरच्या तोंडाशी बसवलेला सेन्सर. तिथे पाणी बहात्तरच्या वर होते. नळीला अजून पुरते आवरण घातलेले नव्हते, थंडी कडक होती, आणि टोकाला पोचेपर्यंत दीड अंश उतरत होता. टोकाचा सेन्सर चार नंबरचा. प्रोग्रॅम चुकीच्या जागी बघत होता.

तो भाग नसीम शिकलगारने लिहिला होता.

नसीम मिरजेची. तिचे वडील तंबोरे बनवत. तेवीस वर्षांची ही मुलगी सहा महिन्यांपूर्वी आमच्याकडे रुजू झाली होती आणि तिची परिविक्षा त्याच आठवड्यात संपत होती. तिला कायम करायचे की नाही याचा अहवाल मला त्याच दिवशी मालकांना, मगदूमसाहेबांना, द्यायचा होता. फॉर्म माझ्या बॅगेत होता.

मी मगदूमसाहेबांना फोन लावला.

“चाचणीत दोष आलाय. नसीमच्या भागात सेन्सरचा नंबर चुकलाय.”

“नक्की?”

“ओळ समोर आहे माझ्या.”

“सुतार, हे दुधाचं काम आहे. असं चुकणारं माणूस मला नको. अहवालात तसं लिहा, एक तारखेपासून दुसरं कोणी बघू. तिला प्रोग्रॅम भरायचा किट घेऊन पाठवतो. तेवढी दुरुस्ती तिच्याकडून करून घ्या.”

दुरुस्ती एका आकड्याची होती, तीनच्या जागी चार. पण प्रोग्रॅम कंट्रोलरमध्ये भरण्याचा किट सांगलीत राहिला होता. मी नसीमला फोन करून एवढेच सांगितले, “तुझ्या भागात सेन्सरचा नंबर चुकलाय. किट घेऊन मिळेल ती एस्टी पकड.”

“कुठला नंबर, सर?”

“तीन. ये तू, इथे बोलू.”

हाती घेतलेले काम लांबणीवर टाकायचे नाही ही माझी जुनी सवय. संघाच्या प्रयोगशाळेतले एक टेबल मला दिले होते. तिथे बसून मी फॉर्म काढला आणि ‘कामाविषयी अभिप्राय’ या रकान्यात शाईच्या पेनाने लिहिले: ‘निष्काळजी.’ शिफारशीचा रकाना आणि सही मी दुरुस्ती होईपर्यंत ठेवली.

इथे आमच्या कामाची पद्धत थोडी सांगायला हवी. प्रोग्रॅमची एक मूळ प्रत असे. तिच्यावरून मी माझी प्रत काढून त्यात बदल करी, नसीम तिची प्रत काढून तिच्यात बदल करी, आणि शेवटी दोन्ही एकत्र जोडल्या जात. हे जोडण्याचे काम संगणकावरची एक प्रणाली करी. दोघांनी एकाच ओळीला हात लावला असेल तर ती थांबून विचारी, यातली कोणती ठेवू? त्याला आम्ही कॉन्फ्लिक्ट म्हणत असू. ही प्रणाली कंपनीत आणली मी. तिचे नियम लिहिले मी. जोडलेली प्रत दुसऱ्याला दाखवल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा नियमही माझाच.

आदल्या दिवशी, रविवारी, मी घरी बसून दोन्ही प्रती जोडल्या होत्या. प्रणालीने तीन कॉन्फ्लिक्ट दाखवले. तिन्ही पडद्यावरच्या इशाऱ्यांच्या शब्दांचे होते. मी लिहिले होते ‘दूध कच्चे आहे’, तिने लिहिले होते ‘तापमान कमी’. मी तिन्ही ठिकाणी माझे शब्द ठेवले. पडद्यावर आले, कॉन्फ्लिक्ट शिल्लक नाही. दहा मिनिटांत काम झाले. नसीमला दाखवायचे राहिले. राहिले म्हणणे खरे नव्हे. परिविक्षेतल्या मुलीला काय दाखवायचे, असे मला वाटले.

ती अकरा वाजता आली. खांद्याला किट, हातात डबा, ओढणीवर एस्टीची धूळ.

“बसा ताई, पाणी घ्या,” हिंदुराव म्हणाले. “साहेब सकाळपासून वाट बघत्यात. यंत्र एक ऐकत नाही आणि साहेब दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत.”

नसीम हसली नाही. तिने किट जोडला, लॅपटॉप उघडला आणि ती ओळ काढली.

“ही ओळ कोणाची?” मी विचारले.

“माझी, सर.”

“तीन नंबर म्हणजे कोणता सेन्सर?”

“नळीच्या टोकाचा.”

“यादी बघ.”

तिने यादी काढली. एक, टाकी. दोन, गरम पाणी. तीन, हीटरचे तोंड. चार, नळीचे टोक. पाच, थंड दूध. ती यादीकडे जितका वेळ बघत राहिली तितका वेळ पाच ओळी वाचायला लागत नाही.

“कळलं?”

“हो सर.”

“मग तीनचे चार कर आणि भर प्रोग्रॅम. बारापर्यंत चाचणी उरकू.”

तिचे बोट कळीवर गेले आणि थांबले.

“करते सर. पण त्याआधी मूळ प्रत काढू का?”

“कशाला?”

“आपण दोघांच्याच प्रती बघतोय.”

“मूळ प्रत जुनी झाली, नसीम. तिच्यात ना माझे बदल, ना तुझे. जिच्यात काहीच नाही ती बघून काय मिळणार?”

“अब्बा म्हणतात सर,” ती म्हणाली आणि जरा अडखळली, “दोन तारा जमत नसल्या तर एकमेकींना लावून बघू नये. दोन्ही उतरलेल्या असल्या तरी त्या एकमेकींशी जमतील. तिसऱ्या सुराला लावून बघावं.”

“इथं तंबोरा नाही लावायचा. एक आकडा बदलायचाय.”

“अर्धा तास द्या, सर.”

तिचा आवाज चढला नव्हता, पण ती मागेही हटत नव्हती. तिच्या अहवालाचा दिवस आहे हे तिला माहीत होते. दुसऱ्या कोणीही त्या वेळी तीनचे चार करून सुटका करून घेतली असती. मला ते बोलणे उद्धट वाटले. मी घड्याळ पुढे केले. “गाड्या पाचला लागतात.”

“आता अकरा झाल्यात,” हिंदुराव मध्येच म्हणाले. “द्या की साहेब अर्धा तास. पाणीच फिरतंय, नासणार थोडंच हाय.”

मी हात उडवून परवानगी दिली.

संघाच्या ऑफिसात दूधपावत्या छापायचा एक जुना प्रिंटर होता, दोन्ही कडांना भोके असलेल्या सलग पातळ कागदाचा. नसीमने त्यावर तिन्ही प्रती छापून आणल्या: मूळ, माझी, तिची. त्या पसरायला तिला टेबल हवे होते. तिने माझी बॅग बाजूला केली, चहाचे पेले उचलले, आणि मग तो फॉर्म तिच्या हाती आला.

तो उलटा करून ठेवायचे मला सुचले नव्हते.

तिने तो वाचला. एकच शब्द होता, वाचायला क्षणही लागत नाही. मी तिच्याकडे बघत होतो, म्हणून तिने वाचला हे मला कळले आणि मी बघतोय हे तिला कळले. तिने फॉर्म टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. वरच्या पंख्याने त्याची कड उडत होती. नमुन्याच्या दुधाची एक रिकामी बाटली उचलून तिने ती त्यावर ठेवली, उडू नये म्हणून. मग पातळ कागदांच्या कडा जुळवत ती म्हणाली, “पहिलं पान लावू का, सर?”

पुढे बावीस-तेवीस वर्षांच्या अनेक मुलामुलींना मी काम शिकवले. ती बाटली मला अजून दिसते.

टेबलावर कागद शेजारी शेजारी ठेवून आम्ही ओळी ताडून पाहू लागलो. माझ्या प्रतीत आणि तिच्या प्रतीत इतक्या ठिकाणी फरक होता की बोट ठेवायला जागा नव्हती. चार ओळी तपासायला पाच मिनिटे गेली. तेव्हा माझ्यातला जुना ड्रॉइंगवाला जागा झाला.

“असं नाही जमायचं,” मी म्हणालो. “खिडकीवर लाव.”

कराडच्या तंत्रनिकेतनात आम्ही ड्रॉइंग शिकलो तेव्हा दोन आराखड्यांतला फरक काचेवर शोधत असू. खाली दिवा, वर काच, काचेवर एकावर एक दोन कागद. जुळलेल्या रेघा एक होतात आणि न जुळलेल्या तेवढ्या दुहेरी दिसतात. प्रयोगशाळेची मोठी खिडकी दक्षिणेला होती, आणि डिसेंबरात दुपारचे ऊन दक्षिणेकडूनच आत येते. मी खुर्ची सरकवली. नसीमने चिकटपट्टी आणली. हिंदुराव काचेवरची धूळ आपल्या टॉवेलने पुसून देऊन तिथेच उभे राहिले.

“लग्नाची पत्रिका जुळवताय जणू,” ते म्हणाले. “जुळली तर सांगा, मी नारळ आणतो.”

आधी मी माझ्या प्रतीवर तिची प्रत धरली. काहीच जुळेना. सगळी अक्षरे एकमेकांत घुसलेली.

“आता ही काढा सर, आणि मूळ प्रत आधी लावा.”

मी मूळ प्रत काचेवर चिकटवली. तिच्यावर नसीमची प्रत ठेवली. उन्हात दोन्ही कागद एक झाले. सेन्सरांची यादी यादीवर बसली, आकड्यावर आकडा बसला. इशाऱ्यांचे शब्द तेवढे वेगळे होते आणि तिने नव्याने लिहिलेले भाग खाली जादा दिसत होते. जुनी एकही ओळ तिने हलवली नव्हती.

मूळ प्रतीत तीन नंबरपुढे लिहिले होते: नळीचे टोक.

मी तिची प्रत काढून माझी ठेवली. पहिली ओळ बसली. दुसऱ्या ओळीपासून खाली सगळी अक्षरे दुहेरी होती.

नसीम माझ्याकडे बघत होती. हिंदुरावसुद्धा.

आता सांगतो ते मी त्या सकाळी कोणाला सांगितले नव्हते, कारण त्यात सांगण्यासारखे काही आहे असे मला वाटलेच नव्हते. संघाला गरम पाण्याच्या तापमानाचा एक जादा सेन्सर हवा होता. तो मी यादीच्या शेवटी पाच नंबरला घालू शकलो असतो. पण मला ते अव्यवस्थित वाटले. दूध ज्या वाटेने जाते त्याच क्रमाने सेन्सरांचे आकडे असावेत, असे माझ्या मनाने घेतले. गरम पाणी हीटरच्या आधी येते, म्हणून मी त्याला दोन नंबर दिला आणि खालचे सगळे एकेक घर सरकवले. माझ्या प्रतीत जिथे जिथे जुने आकडे होते तिथे मी ते काळजीपूर्वक बदलले, एकही चुकवला नाही. हिंदुरावांना यादी दाखवली तेव्हा ते म्हणाले होते, “आता कसं, दुधाच्या वाटेनं लागलं बघा.” मला बरे वाटले होते.

पण नसीमच्या प्रतीत त्याच वेळी काय लिहिले जात होते, ते मी पाहिले नव्हते. तिने तीन लिहिला तेव्हा तीन बरोबर होता. ती ओळ माझ्या प्रतीत नव्हतीच, मग प्रणालीने भांडण कशावर दाखवावे? तिने दोन्ही प्रती मुकाट्याने जोडल्या. इशाऱ्याच्या शब्दांवर तिने मला तीनदा अडवले आणि कच्च्या दुधाच्या जागी ती गप्प राहिली.

१९७८ साली आम्हाला ड्रॉइंग शिकवणारे आगटे सर होते. एका जॅकच्या जोडणी-आराखड्यात भागांचे नंबर अस्ताव्यस्त दिसत होते म्हणून मी ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने नीट लावून दिले. शाबासकी मिळेल असे वाटले होते. आगटे सरांनी आराखडा पाहिला आणि वर्गासमोर विचारले, “सुतार, तिकडे वर्कशॉपात एक माणूस तीन नंबरचा बोल्ट कातायला बसलाय. तुझा तीन नंबर बदलला, हे त्याला कोण जाऊन सांगणार?” एकदा दिलेला नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही, नवा भाग आला तर त्याला नवा नंबर. हे मी पस्तीस वर्षे पाळले होते. कागदावर. संगणकावर हाच नियम मला आठवला नाही, कारण तिथे मला वर्कशॉप दिसत नव्हते.

“यादी मी सरकवली,” मी म्हणालो.

“हो, सर.”

“तुला हे आल्या आल्या कळलं होतं.”

“शंका एस्टीतच आली. तुम्ही फोनवर तीन म्हणालात. मी तीन नीट बघून लिहिला होता, त्यामुळे यादी हलली असणार असं वाटलं. इथं यादी बघितल्यावर बऱ्यापैकी खात्री झाली.”

“मग बोलली का नाहीस? समोर तो फॉर्म वाचलास तरी?”

तिने काचेवरच्या कागदाची सुटू लागलेली कड पुन्हा चिकटवली.

“मी बोलले असते तर आपण कोणाचं चुकलं यावर बोललो असतो. आणि ही एक ओळ दुरुस्त करून दोघेही मोकळे झालो असतो. पण मी तीन नंबर एकाच ठिकाणी लिहिलेला नाही, सर. दुसरं ठिकाण तुम्ही जोडताना कसं बसलं ते मला बघायचं होतं.”

“दुसरं कुठलं?”

तिने बोट खालच्या पानावर ठेवले. वीज गेल्यावरचा भाग. आपल्याकडे वीज जाते, आणि गेली की यंत्र बंद पडते, नळीतले दूध जागीच निवते. वीज परत आली की पहिल्या मिनिटात ते पुढे सोडायचे की परत फिरवायचे, हे या वेगळ्या भागाने ठरायचे होते. त्यातही तीन होता. हीटर पुन्हा सुरू झाला की त्याचे तोंड लगेच तापते. टोकाशी निवलेले दूध असताना प्रोग्रॅमला सगळे गरमच दिसले असते.

त्या सकाळच्या चाचणीत वीज घालवून बघणे नव्हते. माझ्या यादीत ते कलम नव्हतेच. किट माझ्याजवळ असता आणि मी नऊ वाजता माझ्या हाताने तीनचे चार केले असते तर व्हॉल्व्ह वळला असता, हिंदुरावांनी नारळ फोडला असता, आणि मी सही करून सांगलीला परतलो असतो. मग ज्या दिवशी तालुक्यात पहिल्यांदा वीज गेली असती, त्या दिवशी...

“खिलारे,” मी विचारले, “इथे वीज किती वेळा जाते?”

“हिवाळ्यात म्हणाल तर दिवसातनं दोनदा. उन्हाळ्यात विचारू नका.”

मी खुर्चीवर बसलो. नसीमने मला पाण्याचा पेला दिला आणि स्वतः मजकुराच्या पुढच्या पानाला हात घातला. आणखी कुठे काही सरकले आहे का, ते तिला शेवटपर्यंत पाहायचे होते. आम्ही सतराच्या सतरा पाने मूळ प्रतीवर धरून पाहिली. तिसरे ठिकाण निघाले नाही. ते निघाले नाही हेही बघूनच ठरले, गृहीत धरून नव्हे.

दुरुस्ती कशी करायची यावर मात्र आमचा थोडा वाद झाला. तिचे म्हणणे, दोन ठिकाणी तीनचे चार करावेत. सरांचा क्रम चांगला आहे, ऑपरेटरला सोपा पडतो. मी म्हणालो, नाही. गरम पाणी पाच नंबरला जाईल आणि जुने आकडे जिथे होते तिथे परत येतील.

“दुधाच्या वाटेचं काय मग?” हिंदुराव म्हणाले.

“दुधाला वाट माहीत आहे,” मी म्हणालो.

दीड वाजता प्रोग्रॅम भरला. जोडलेली प्रत या वेळी नसीमने वाचली, मी वाचली, आणि मग कंट्रोलरमध्ये गेली. हिंदुरावांनी वाफ कमी करीत आणली. ७१.९ ला व्हॉल्व्ह खट्‌कन वळला. मग नसीम म्हणाली, “काका, आता मेन स्विच ओढा.”

“अख्खा?”

“अख्खा.”

हिंदुरावांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. स्विच पडला, पंप, पंखे, पडदा, सगळे बंद झाले आणि त्या मोठ्या खोलीत नळ्यांमधले पाणी थांबल्याचे ऐकू आले. चार मिनिटे आम्ही तिघे त्या शांततेत उभे होतो. मग त्यांनी स्विच वर केला. हीटरच्या तोंडाचा आकडा बघता बघता बहात्तर ओलांडून गेला. नळीच्या टोकाशी ५८ होते. व्हॉल्व्ह परतीच्या बाजूला होता आणि टोकाचा आकडा बहात्तरला पोचेपर्यंत तो तिथून हलला नाही.

“आता खरी जागी झाली म्हैस,” हिंदुराव म्हणाले. नसीम त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

मी दोघांच्या समोरच मगदूमसाहेबांना फोन लावला.

“सकाळी मी सांगितलं ते चुकीचं होतं. दोष माझा आहे. सेन्सरांचे नंबर मी बदलले, तिला कळवलं नाही, जोडलेली प्रत तिला दाखवली नाही. माझाच नियम मी मोडला.”

“सुतार, पोरीची दया येऊन बोलताय का?”

“दया तिने माझ्यावर केली असं म्हणा. तिने दुसरा दोष शोधला, तो मला सापडला नसता. कागद घेऊन येतो, तुम्हीच खिडकीवर लावून बघा.”

मग मी फॉर्मवरची बाटली उचलली. ‘निष्काळजी’ हा शब्द शाईत होता. संघाच्या ऑफिसात पांढरी शाई होती, ती लावता आली असती. सांगलीला जाऊन कोरा फॉर्मही घेता आला असता. पण आराखड्यावर चूक झाली तर ती खरवडायची नाही, हेही आगटे सरांनीच शिकवले होते. चुकीवर एकच रेघ मारायची, खालचे वाचता यावे अशी. शेजारी बरोबर ते लिहायचे, आणि बदल का केला त्याचे कारण, तारीख आणि सही. मी तसे केले. ‘निष्काळजी’वर एक रेघ. शेजारी लिहिले: ‘तपासणीत दोष माझ्या बदलात आढळला. कु. शिकलगार यांनी तो, व मला न दिसलेला दुसरा दोष, शोधून काढला. यापुढे माझ्या कामाची तपासणी त्यांनी करावी.’ शिफारस: कायम करावे. तारीख. शं. ग. सुतार.

सही झाल्यावर मी फॉर्म तिच्यापुढे धरला. तिने तो वाचला, या वेळी सावकाश.

“शेवटचं वाक्य खरंच लिहिलंय, सर?”

“शाईत आहे.”

पाच वाजता गाड्या लागल्या. पहिले दूध नळीतून गेले तेव्हा आम्ही दोघे पॅनेलसमोर उभे होतो. हिंदुराव नारळ घेऊन आले आणि फोडायला त्यांनी तो नसीमच्या हातात दिला.

मी २०१९ मध्ये निवृत्त झालो. तोवर सहा वर्षे मी जोडलेली प्रत्येक प्रत तिच्या डोळ्यांखालून गेली आणि चारदा तिने ती परत पाठवली. चारही वेळा तिचेच बरोबर होते. माझ्या जागी तिची नेमणूक झाली तेव्हा ऑफिसातल्या जुन्या फायली मी नीट लावून तिच्या स्वाधीन करीत होतो. तिच्या स्वतःच्या फायलीत तो फॉर्म निघाला. रेघ फिकी झाली होती. तिच्याखालचा शब्द पूर्वीइतकाच स्पष्ट वाचता येत होता. आता ती विभागाची प्रमुख; उद्या कोणीही ती फाईल उघडेल आणि पहिली नजर त्याच शब्दावर जाईल, या विचाराने मला अवघडल्यासारखे झाले.

“नसीम,” मी म्हणालो, “माझी सही अजून आजचा दिवस चालते. मी हा फॉर्म स्वच्छ लिहून देतो. हा शब्द त्यात नको.”

तिने फॉर्म माझ्या हातातून घेतला, होता त्याच जागी फायलीत लावला आणि वरून पितळी पट्टी दाबून बसवली.

“राहू दे, सर,” ती म्हणाली. “मग मूळ प्रत कुठून आणायची?”